वाचकांचे प्रश्न : पीस लिली आणि घरातला उजेड

पीस लिली हे झाड आता नागपूर-अमरावतीच्या फ्लॅटपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या रोपवाटिकेतून ते गावातल्या ओसरीवर आणि किराणा दुकानाच्या काउंटरवरही आले आहे, आणि त्याच्या मागोमाग त्याविषयीच्या तक्रारीही आल्या आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी कोणाकडे फूल येत नाही, कोणाकडे पाने भाजतात, तर कोणाकडे भर पाण्यात झाड मान टाकते. एक पत्र वगळता या सर्व तक्रारींचे मूळ कुंडीच्या जागेत आहे, म्हणून ती पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी रोपवाटिकेतून पीस लिली आणली तेव्हा तिला चार-पाच पांढरी फुले होती. ‘हे सावलीचे झाड आहे, याला ऊन दाखवू नका’ असे तेथे सांगितल्यामुळे ती माजघरात ठेवली. आता पाने काळपट हिरवी झाली आहेत, देठ लांब होऊन सगळे झाड दाराकडे झुकले आहे, आणि वर्षभरात एकही फूल आलेले नाही. खताचे प्रमाण वाढवावे का?
– एक गृहिणी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : खत वाढवू नये, असल्यास काही महिने बंदच ठेवावे. आपण वर्णिलेली तिन्ही लक्षणे, म्हणजे गडद पाने, लांबलेले देठ आणि एका बाजूचा कल, उजेड अपुरा असल्याची आहेत, आणि उजेड अपुरा असताना दिलेले खत झाडाला वापरता येत नाही. ते मातीत साचून मुळांना त्रास देते.

रोपवाटिकेतला सल्ला चुकीचा नसला तरी अर्धा आहे. पीस लिली मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, ओल्या जंगलांतली. तेथे ती उंच झाडांच्या खाली, बहुधा ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीवर वाढते, त्यामुळे थेट ऊन तिला मानवत नाही हे खरे. परंतु जंगलातली सावली आणि माजघरातला अंधार यांत फार अंतर आहे. जंगलात वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड दिवसभर चहूबाजूंनी मिळतो, तर माजघरात तो एका दारातून, तोही ओसरी ओलांडून येतो.

हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण आपला डोळा अंधाराशी लगेच जुळवून घेतो. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्या अंगणात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, ओसरीच्या कडेला काही हजार, आणि एका दाराच्या माजघरात तो शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. पीस लिली तीन-चारशे लक्सवर तग धरते, पण फूल यावे असे वाटत असेल तर दीड-दोन हजार लक्स, रोज आठ-दहा तास, असा उजेड तिला मिळायला हवा. हे आकडे ढोबळ आहेत. मात्र ‘जगणे’ आणि ‘फुलणे’ यांतला फरक त्यांवरून कळतो. स्मार्टफोनवर लक्स मोजणारी मोफत ॲप मिळतात. त्यांचे मोजमाप अचूक नसते, तरीही घरातल्या दोन जागांची तुलना करायला ती पुरेशी आहेत.

फोन नको असेल तर याहून सोपी रीत आहे. सकाळी दहाच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली काळी आणि रेखीव पडली, बोटे स्पष्ट मोजता आली, तर तेथे थेट ऊन आहे आणि ती जागा टाळावी. हाताचा आकार ओळखू येतो पण कडा पुसट आहेत, अशी सावली पीस लिलीला हवी असते. सावली दिसतच नसेल तर तेथे झाड फक्त दिवस काढील.

आपल्या घराला ओसरी असल्यास कुंडी माजघरातून काढून ओसरीच्या आतल्या भिंतीशी ठेवावी, मात्र एकदम नव्हे. वर्षभर अंधारात वाढलेले पान पातळ असते आणि अचानक मिळालेला तेज उजेड त्याला सोसत नाही. आधी आठवडाभर दाराच्या आतल्या बाजूस, मग आठवडाभर उंबऱ्याजवळ, आणि नंतर ओसरीवर असा क्रम ठेवावा. भिंतीला चुना किंवा पांढरा रंग असेल तर उत्तमच, कारण पांढरी भिंत आलेला उजेड झाडावर परत टाकते. कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवली की कल राहत नाही. जास्त उजेडात झाड पाणीही जास्त पिते, हे लक्षात ठेवून माती बोटाने तपासावी आणि वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी घालावे. माजघरात आपण ज्या हिशेबाने पाणी घालत होता तो येथे चालणार नाही.

आता आणतानाच्या फुलांविषयी. अनेक व्यावसायिक रोपवाटिका विक्रीआधी या झाडांवर जिबरेलिक आम्ल नावाच्या संजीवकाची फवारणी करतात आणि साधारण तीन महिन्यांत कोवळ्या रोपांनाही एकाच वेळी फुले येतात. ती फुले म्हणजे आपल्या घरातल्या उजेडाची पावती नव्हे. त्यामुळे जागा बदलल्यानंतर पहिले फूल दिसायला काही महिने गेले, तरी झाडात दोष आहे असे मानू नये. नवी पाने आखूड देठांची, रुंद आणि सरळ उभी येऊ लागली की जागा मानवली असे समजावे.

प्रश्न : सगळीकडे ‘पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीत ठेवा’ असे वाचायला मिळते. आमच्या घराला खिडक्या आहेत त्या दक्षिणेला आणि पश्चिमेला. डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या खिडकीत कुंडी ठेवली तर पानांवर पांढरट, कागदासारखे कोरडे डाग पडले. म्हणून ती पश्चिमेला हलवली, तर एप्रिलपासून माती ओली असूनही दुपारी पाने लोळण घेतात. झाड नेमके कोठे ठेवावे?
– एक निवृत्त शिक्षक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : आपली अडचण आपल्या भागातल्या बहुसंख्य घरांची आहे. दिशांविषयीचा जो सल्ला सर्वत्र फिरतो तो पुष्कळदा थंड देशांतल्या लेखनातून आलेला असतो. तेथे सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे कललेला राहतो. विदर्भ मात्र कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस, साधारण 19 ते 22 अक्षांशांच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे आपल्याकडे एकाच खिडकीचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो.

डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य आपल्या भागात क्षितिजापासून साधारण 45 अंशांपर्यंतच चढतो. त्या तिरप्या उन्हाला छज्जा फारसा अडवू शकत नाही. दक्षिणेच्या खिडकीतून ते चार-पाच फूट आत येते आणि कित्येक तास एकाच जागी राहते. आपल्या झाडाची पाने तेव्हा भाजली. भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही. पान अर्ध्याहून अधिक गेले असेल तर देठाच्या बुडापासून कापावे, थोडा डाग असेल तर राहू द्यावे, कारण उरलेला हिरवा भाग झाडासाठी काम करतच असतो.

उन्हाळ्यात हेच चित्र उलटते. मेच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो (नागपुरात शून्य सावलीचा दिवस 26 मेच्या आसपास असतो), आणि तेथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. या दिवसांत छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ शिरत नाही. उलट, ज्या उत्तरेच्या खिडकीला सर्वजण निर्धोक समजतात, तिच्यात सकाळी लवकर आणि सायंकाळी उशिरा ऊन येते, कारण त्या काळात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून उगवतो आणि तसाच वायव्येकडे मावळतो. पश्चिमेची खिडकी मात्र चंद्रपूर जिल्ह्यात मार्च ते जून झाडासाठी नाहीच असे धरून चालावे. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंतचे ऊन, तापलेली भिंत आणि गजांतून येणारा उष्ण वारा, हे तिन्ही तेथे एकत्र येतात.

आपल्या झाडाने माती ओली असताना मान टाकली याचे कारण हेच आहे. पानांतून पाणी जितक्या वेगाने उडून जाते तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. त्यातून कुंडी काळ्या प्लास्टिकची असेल तर मुळेही तापतात. अशा वेळी आणखी पाणी घालणे ही फार सर्रास होणारी चूक आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे उन्हाळ्यात ही झाडे तहानेपेक्षा तिच्यामुळेच अधिक मरतात. माती ओली असेल आणि झाड सायंकाळी आपोआप सावरत असेल तर पाणी नको, जागा बदला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ते झाड दोन-चार तासांत उभे राहते.

आपल्या घरासाठी व्यवस्था अशी करता येईल. जुलै ते ऑक्टोबर कुंडी पश्चिमेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत ठेवावी, कारण पावसाळी आभाळाचा उजेड मवाळ आणि पसरलेला असतो आणि झाडाची वाढ या काळात चांगली होते. ऑक्टोबरमध्ये आभाळ उघडून उन्हाचा चटका वाढला तर आणखी फूटभर आत घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती दक्षिणेच्या खिडकीजवळ न्यावी, पण खिडकीला पांढऱ्या, विरळ सुती कापडाचा पडदा लावावा. जुने धोतर एकपदरी बांधले तरी चालते. गडद रंगाचा पडदा लावू नये. तो उजेड गाळण्याऐवजी अडवतो. मार्चपासून पडदा काढून कुंडी दक्षिणेलाच, कट्ट्याच्या एका बाजूस सरकवून ठेवावी.

राहिले एप्रिल-मे-जून. या दिवसांत आपल्याकडे सकाळी नऊ-दहालाच खिडक्यांची दारे ओढून घेतात आणि घर सायंकाळपर्यंत काळोखात राहते. माणसांसाठी ते आवश्यकच आहे, आणि पारा 45 अंशांवर गेलेला असताना झाडासाठीही तेच बरे. तेव्हा उजेडाचा आग्रह सोडावा. पहाटे खिडक्या उघडल्यापासून त्या ओढून घेईपर्यंत जो तीन-चार तासांचा उजेड मिळतो तेवढ्यावर पीस लिली हे दिवस काढते, नवी पाने फारशी काढत नाही, आणि त्यात वावगे काही नाही. विदर्भात या झाडाला उन्हाळ्यात गारवा द्यावा आणि उजेडाची भरपाई पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत करावी, असे मला वाटते. ज्या घरात ते पावसाळा-हिवाळ्यात नीट उजेडात राहिले, तेथे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फूल येण्याची शक्यता चांगली असते.

हिवाळ्याबाबत एक सावधगिरी हवी. थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाते तेव्हा कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर राहू देऊ नये. ती रात्री आत घ्यावी.

प्रश्न : माझ्या किराणा दुकानाला समोरचे शटर सोडले तर एकही खिडकी नाही. काउंटरवर पीस लिली ठेवायची आहे. दुकानात दिवसभर एलईडी बल्ब सुरू असतो. त्याचा उजेड झाडाला लागू पडतो का? त्यासाठी वेगळा ‘ग्रो लाइट’ घ्यावा लागेल का?
– एक दुकानदार, ता. देवरी, जि. गोंदिया

उत्तर : लागू पडतो, पण छताला लावलेल्या बल्बचा नव्हे. बल्बपासून अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण चौथाईवर येतो. आठ-नऊ फुटांवरचा बल्ब हिशेबाच्या वहीला पुरतो, झाडाला पुरत नाही. साधा पांढरा 9 वॅटचा एलईडी बल्ब टेबल लॅम्पमध्ये लावून पानांच्या वर फूट-सव्वा फुटावर आणला आणि दिवसाकाठी बारा तास सुरू ठेवला, तर झाड चांगले राहते. याला रोज जेमतेम दशांश युनिट वीज लागते. जांभळ्या प्रकाशाचे महाग दिवे या एका कुंडीसाठी घेण्याची गरज नाही, आणि त्या जांभळ्या उजेडात गिऱ्हाइकाला डाळीचा रंगही कळणार नाही. वीज काही तास गेली तर झाडाचे काही बिघडत नाही. रात्री मात्र दिवा बंद ठेवावा. दुकानात पिठाची आणि रस्त्याची धूळ पानांवर बसतेच. ओल्या फडक्याने दर आठवड्याला पाने पुसावीत, कारण धुळीचा थरही उजेड अडवतो. पानांना तेल किंवा दूध लावून चमक आणण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी.

प्रश्न : पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. उजेड जास्त होत असेल म्हणून आत ठेवली, कमी होत असेल म्हणून ओसरीवर आणली, तरी टोके वाळणे थांबत नाही. आमच्याकडे बोअरचे पाणी वापरतो.
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : उजेडाशी संबंध नसलेले पत्र ते हेच. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या भागात, येतो, आणि आपल्या शेवटच्या वाक्यातच आपले उत्तर आहे. उजेडाने भाजलेले पान बहुधा मध्येच, ज्या भागावर ऊन पडले तेथे, पांढरट किंवा तपकिरी डाग दाखवते. क्षाराने बाधलेले पान टोकापासून आणि कडेने वाळत येते, आणि घराच्या कोणत्याही कोपऱ्यात ठेवले तरी तसेच वाळते. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. ते नसेल तर पिण्यासाठी येणारे नळयोजनेचे किंवा फिल्टरचे गोडे पाणी द्यावे. एका कुंडीला आठवड्याला दोन-तीन लिटरपेक्षा जास्त लागत नाही. फिल्टरच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र घालू नये, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंडी एक-दोन सरींत उघड्यावर ठेवून मातीतले क्षार धुऊन जाऊ द्यावेत, आणि दर दोन वर्षांनी माती बदलावी. वाळलेली टोके कात्रीने पानाच्या आकाराप्रमाणे कापली तरी हरकत नाही.

प्रश्न : हे झाड हवा शुद्ध करते म्हणून ते सासूबाईंच्या खोलीत ठेवायचे आहे. त्यांना उजेडाचा त्रास होतो, त्यामुळे खोली दिवसभर अंधारी असते. चालेल का? घरात दोन वर्षांची नातही आहे.
– एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : हवा शुद्ध करण्याच्या अपेक्षेने ठेवू नये. ही समजूत प्रामुख्याने ‘नासा’च्या 1989 सालच्या प्रयोगांवरून पसरली, पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या खोलीतली हवा दारे-खिडक्यांतून जितकी बदलते तितका परिणाम कुंड्यांनी साधायचा, तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडे लागतील, असे त्यात दिसून आले. सासूबाईंसाठी सकाळी थोडा वेळ खिडकी उघडणे अधिक उपयोगाचे.

त्यांना हिरवे झाड डोळ्यांसमोर हवे असेल तर दोन कुंड्या घ्याव्यात. एक खोलीत आणि एक ओसरीवर ठेवून दर दहा दिवसांनी त्यांची अदलाबदल करावी. खोलीत असलेल्या कुंडीला पाणी अगदी बेताने द्यावे, कारण अंधारात माती लवकर सुकत नाही आणि मुळे कुजतात.

नातीच्या दृष्टीने कुंडी तिच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर हवी. हे झाड अळू-सुरणाच्या कुळातले आहे. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावल्यास तोंडाची, घशाची आग होते. तसे झाल्यास तोंड पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. ओसरीवरच्या कुंडीबाबत शेळ्यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रश्न : अंगणात मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली पीस लिली कायमची ठेवली तर घरातल्या उजेडाची कटकटच राहणार नाही, असे वाटते. नाहीतर कूलरसमोर ठेवावी का?
– एक शेतकरी, ता. कुही, जि. नागपूर

उत्तर : जुलै ते सप्टेंबर जरूर ठेवावी, कडुनिंबाखालचा गाळीव उजेड तिला घरापेक्षा चांगला. कायमची मात्र नको. कडुनिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, म्हणजे ऊन कडक होऊ लागते तेव्हाच सावली विरळ होते, आणि पुढे पालवी दाट झाली तरी उष्ण वारा अडत नाही. कूलर असलेली खोली चांगली, पण कूलरच्या झोताच्या सरळ रेषेत कुंडी ठेवू नये. दमट हवा झाडाला हवी असते, सतत आपटणारा वारा नको असतो. त्याने पाने फाटतात आणि माती भराभर सुकते.

प्रश्न : आमच्या पीस लिलीची पांढरी फुले आठ-दहा दिवसांनी हिरवी होतात. उजेड कमी पडतो का?
– एक विद्यार्थिनी, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : कमी पडत असता तर फूल आलेच नसते. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते पांढरे पान असून वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले त्याच्या मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली, बारीक असतात. महाछद जुना होताना त्यात हरितद्रव्य तयार होते आणि तो हिरवा पडतो. हा बदल साधारणपणे काही आठवड्यांत होतो. तो आठ-दहा दिवसांतच होत असेल तर उजेड गरजेपेक्षा तेज आहे किंवा खतात नत्र जास्त आहे. कुंडी खिडकीपासून दोन फूट मागे घेऊन पुढचे फूल किती दिवस पांढरे राहते ते पाहावे, आणि त्या काळात खत देऊ नये. पूर्ण हिरवे झालेले फूल दांड्यासह बुडापासून कापावे.